न वाजलेल्या चार शिट्ट्या

मी स्वयंपाक कानानं करते. वरणाला तीन शिट्ट्या, भाताला दोन, आलूला चार. एकदा कुकरचं झाकण लावलं की मी अंगण झाडत असो, नाहीतर भांडी घासत असो, माझा एक कान चुलीकडंच असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधी कुणी काही विचारलं तर मी उत्तर देत नाही, आणि परत विचारलं तर खेकसते. मालकांना तेहतीस वर्षांत एवढं एक पाठ झालंय. कुकर लागला की ते आपले गप टोपी चढवून बाहेर जातात.

आमची गल्ली चिंचोळी. समोरच्या घरी कुकरनं किती शिट्ट्या दिल्या त्यावरून आज तिथं काय शिजतंय ते मी सांगते, आणि तिथली बाईही माझं सांगत असेल. एकदा तिच्या कुकरनं सात शिट्ट्या दिल्या तर मी पदर खोचून धावत गेले. बाई फोनवर माहेरी बोलत बसली होती आणि डाळीचा पार चिखल झाला होता. शिट्टीला असं महत्त्व आहे. बाईमाणसाचं घड्याळच ते.

त्यामुळं आमच्या पोरानं पुण्याहून येताना तो इलेक्ट्रिक कुकर आणला तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "शिट्टी कुठंय ह्याची?"

"ह्याला शिट्टी नसती, माय."

"मग शिजलं ते कसं कळतं?"

"तो आपला आपण बंद होतो."

शिट्टी न देणारा कुकर म्हणजे न भुंकणारं कुत्रं. मी ते डबडं एका जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पलंगाखाली सरकवून दिलं. सहा वर्षं पोरगं पुण्याला कंपनीत कामाला होतं, तिथं चार पोरांत एक खोली, त्या खोलीत ह्यानं त्या कुकरवर भात, वरण सगळं शिकून घेतलं होतं. मग एक दिवस म्हणालं, मला आपली हळद करायची आहे, आणि निघून आलं. आलं ते शेतात रमलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पण स्वयंपाकघरात मी त्याला पाऊल ठेवू देत नव्हते. एकदा कणीक मळायला बसलं तर मी परात ओढून घेतली. बाप्या माणसाला कणकेत हात घातलेलं कुणी बघितलं तर माझं काय नाव राहील, हे माझं म्हणणं.

आता गंमत बघा. आमच्याकडं हळद शिजवायचं काम बाप्यांचं. हंगामात शेतात तो मोठा वाफेचा कुकर येतो, खाली जाळ, वर पिंपं, पिंपात क्विंटलानं हळद. मालक नुसत्या वासावर सांगतात, झाली, काढा आता. काडी टोचून बघतात, बोटानं दाबून बघतात, आणि एखादी गड्डी कच्ची राहिली तर चारचौघांत मान खाली घालतात. एवढा मोठा शिजवणारा माणूस, पण घरी एक आलू उकडायचा म्हटलं तर त्यांना पातेलं कुठं असतं तेही ठाऊक नाही. तेव्हा ह्यात काही वावगं आहे असं माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पोराचं वय एकतीस झालं आणि माझी झोप उडाली. शेती करणाऱ्या पोराला कुणी पोरगी देईना. आमचं काही वाईट नाही, विहिरीला पाणी आहे, घर स्लॅबचं आहे, पोरगं निर्व्यसनी. पण पाहुणे येत, चहा पीत, शेतावर चक्कर मारत आणि जाताना विचारत, "पुण्याला परत जायचा काही विचार?" पोरगं म्हणे, "न्हाई." की झालं. अशी तीन स्थळं गेली. तिसरं गेलं त्या दिवशी पोरगं माझ्यापाशी येऊन बसलं.

"माय, आता एकच डाव. ह्याच्यानंतर मला कुणाला दाखवायचं न्हाई. तुमी दोघं लोकांम्होरं हात जोडून राहिले, ते मला बघवत न्हाई. न्हाई जमलं तर मी पुण्याला जातो."

"आन हळद?"

"बाबा बघतील."

हे बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, बाहेर बघत होतं. त्याला जायचं नव्हतं, हे मला कळत होतं. आणि ते गेलं तर ह्या घरात आम्ही दोघं म्हातारी माणसं समोरासमोर बसून राहणार, हेही कळत होतं. मी देवाला म्हटलं, एवढं एक जमव, मग मी तुला काही मागत नाही.

शेवटचं स्थळ माझ्या बहिणीनं आणलं. ती बाळापूरला दिली आहे. पोरगी दवाखान्यात नर्स, घर हट्टा गावाकडचं, माणसं साधी. पूर्वी पोराकडचे पोरगी बघायला जात. आता उलटं झालंय, पोरीकडचे आधी घर बघून जातात आणि पोरगीही सोबत येते. तिनं यावं, बघावं, मला काही त्याचं वावडं नाही. फक्त ती आली की तिला बसायला चांगली खुर्ची द्यायची आणि कामाला हात लावू द्यायचा नाही, हा आमच्यातला रिवाज. ठरायच्या आधी पोरीनं त्या घरात ग्लाससुद्धा उचलायचा नसतो. उचलला तर लोक म्हणतात, हिनं तर आधीच घर धरलं.

महाशिवरात्रीच्या दोन-तीन दिवस आधी ते येणार होते. मी पुरणाचा बेत केला. रात्री डाळ भिजवली, सकाळी कुकरला लावली, दुसरी शिट्टी झाली आणि बहिणीचा फोन आला.

"निघाले बरं का ते. आन आयक, आज एकादशी हाय. पोरीची आजी लई कडक हाय, पाणीसुद्धा इचारून पिती. पोरीच्या मायचाही उपास हाय."

"आगं बये, मग हे तू आता सांगून राहिली काय?"

"मला वाटलं तुला ठावं असंल."

फोन ठेवून मी तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी राहिले. शिट्टी येईना. वाकून बघते तर शेगडीत जाळच नाही. गॅस संपला होता. भरलेली टाकी दोन दिवसांनी येणार होती. मालक अंगणात खुर्च्या पुसत होते, त्यांच्यावर मी जे ओरडले ते समोरच्या घरापर्यंत गेलं असेल. ते बिचारे म्हणाले, "मी काय केलं?" आणि पुसलेलीच खुर्ची परत पुसायला लागले.

साबुदाणा भिजवलेला नव्हता. भगर डब्यात तळाला मूठभर. घरात उपासाचं म्हणावं असं काय, तर कोपऱ्यात अर्धं पोतं आलू, दही आणि शेंगदाणे. चूल होती, पण ती बैठकीच्या दारालगत अंगणात. ती पेटवली तर धूर सरळ पाहुण्यांच्या डोळ्यांत. समोरची बाई चहा करून किटलीत पाठवते म्हणाली, तेवढ्यावर चहाचं भागलं. पण फराळ शेजारून कसा मागवायचा? दुपारपर्यंत गावभर झालं असतं की हिच्या पोराला बघायला आले आणि हिनं दुसऱ्याच्या घरचं खाऊ घातलं.

मी डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा पोरगं आत आलं. त्यानं पलंगाखाली वाकून ते लुगड्यातलं गाठोडं ओढलं.

"ते न्हाई," मी म्हटलं.

"मग दुसरं काय हाय, माय?"

दुसरं काही नव्हतं. मी बाजूला सरकले.

त्यानं पोत्यातले आलू निवडायला घेतले. सगळे एका मापाचे, मुठीएवढे. मोठा आला की बाजूला, लहान आला की बाजूला. मी म्हटलं, पाहुणे दारात येऊन राहिले आणि तू काय मोत्यासारखे निवडत बसलास. तर म्हणे, लहानमोठे एका जागी घातले की लहान्याचा गाळ होतो आणि मोठा आत कच्चा राहतो. हे तर मालक हळदीच्या गड्ड्यांबद्दल बोलतात, शब्द न शब्द तेच. त्यानं आलू धुतले, भांड्यात तळाला एक जाळी ठेवली, ग्लासभर पाणी ओतलं आणि जाळीवर सालीसकट आख्खे आलू रचले.

"कापून टाक की. लवकर होतील."

"कापले की पाणी पितात. मग भाजी गिजगिजी होती."

"आन एवढ्याशा पाण्यात? करपतील ना खाली."

"पाण्याला लागतच न्हाईत ते. वाफेवर होतात."

मी आलू कायम बुडबुड पाण्यात उकडत आले. ह्या वयात पोराकडून आलू उकडायला शिकायचं, मला रागच आला. पण मग त्याचे हात बघितले. कुठं घाई नाही, सांडलवंड नाही. सहा वर्षं हे लेकरू एकटं असंच करून खात होतं, आणि मी इकडं त्याच्यासाठी चिवड्याचे डबे पाठवत होते.

त्यानं झाकण फिरवून बसवलं, बटण दाबलं, पुढं लाल आकडा उमटला. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मी त्याचा दंड धरला.

"आयक. तू आता बाहेर जाऊन बस. आलू मी केले. कुणी इचारलं तर मी केले."

"काहून?"

"काहून म्हंजे? घरात बाई असून पोरगं चुलीपाशी बसतं, हे दिसल्यावर ते काय म्हणतील? पोरी मिळंना म्हणून आतापासूनच भाकरी थापायला शिकून राहिला म्हणतील."

ते हसलं. "बरं, तू केले," म्हणालं आणि अंगावरचा शर्ट झटकून बाहेर गेलं.

पाहुणे पाच आले. पोरीची आजी, आई, वडील, मामा आणि पोरगी. आजी वाळलेल्या खारकेएवढी, पण बैठकीत आली ती सगळ्यांत आधी बसली आणि सगळीकडं नजर फिरवून मोकळी झाली. मामा गडगडाटी माणूस, स्वतःचा हळद शिजवायचा कुकर घेऊन गावोगाव फिरणारा. वडील आणि आई मवाळ. पोरगी उंच, बारीक, डोळ्यांत थेट बघणारी. मला ती दारातच आवडली, आणि आवडली म्हणूनच जास्त भीती वाटायला लागली.

किटलीतला चहा झाला. मामा आणि मालक हळदीवर बोलायला लागले. मी दर दोन मिनिटांनी पडद्याआड जाऊन त्या डबड्याकडं बघत होते. काही कळायला मार्ग नाही. ना आवाज, ना वाफ. मी झाकणाला कान लावून बघितलं तर कान भाजला. पहिल्यांदा मला कळलं की बहिऱ्या माणसाला काय तकलीफ होत असेल. बऱ्याच वेळानं ते पिप पिप वाजलं. बाहेर मालक मामांना म्हणाले, "पाहुणं, तुमचा फोन वाजून राहिला." मामांनी दोन्ही खिसे चाचपले.

पोरगं पाण्याचा तांब्या आणायचं निमित्त करून आत आलं. मी म्हटलं, उघड लवकर. तर नाही, आणखी थोडा वेळ वाफ आपोआप बसू द्यायची म्हणे, नाहीतर साली तडकतात. मी पडद्याला धरून राखण करत होते. मग त्यानं झाकण काढलं. एकही आलू फुटलेला नव्हता. त्यानं निम्मे भराभर सोलले, त्याच भांड्यात तूप, जिरं, हिरवी मिरची टाकली, आलू हातानं मोडून घातले, वरून शेंगदाण्याचा कूट आणि उपासाचं मीठ. आजीसाठी दोन आलू सोलून आख्खेच ठेवले, वर तुपाची धार. उरलेले सालीसकट ताटात ठेवून दिले. सगळं पाच मिनिटांत. कपाळ पुसलं, तांब्या उचलला आणि बाहेर जाऊन बसलं. बापालासुद्धा पत्ता नाही.

मी ताटं नेली. आजीनं आधी विचारलं, "मीठ कोणतं?" मग आलूचा तुकडा मोडला. वाफ आली. तिनं खाल्ला आणि मान हलवली.

"बाई, आलू झकास झाला. पिठूळ हाय, पाणी पेलेला न्हाई. माझी सून उकडती तर निसतं पाणी निघतं." तिची सून, म्हणजे पोरीची आई, खाली बघून हसली. "किती शिट्ट्या घेतल्या?"

"चार," मी म्हटलं.

सवयीनं निघून गेलं तोंडातून. तीस वर्षं आलूला चारच शिट्ट्या घेतल्यावर दुसरं काय निघणार? आजीचा हात ताटावर थांबला.

"चार? मला तर एक बी आयकू आली न्हाई."

"तुमी यायच्या आधी झाले ना."

"आमाला येऊन पाऊण तास झाला, बाई. आन ह्यो आलू बोटं भाजून राहिला."

मी काही बोलायच्या आत आमचे मालक, ज्यांना मदत करायची फार हौस, ते म्हणाले, "आन सकाळीच तर गॅस संपला म्हणून तू वरडून राहिली होतीस ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गॅस संपलेला, शिट्टी वाजलेली नाही, आणि ताटात वाफाळलेले आलू. आजीनं ताट हळूच पुढं सरकवलं.

"फाट्यावरून आणले काय?"

वारंगा फाट्यावर हॉटेलांची रांग आहे. एकाच कढईत काय काय तळतात ते सगळ्यांना माहीत. एकादशीला तिथलं खाल्लं तर उपास गेलाच. आणि मला तिच्या तोंडावर त्याच्याही पुढचं दिसत होतं. पहिल्या ताटालाच खोटं बोलणारी माणसं पुढं काय काय लपवत असतील? विहिरीला पाणी तरी खरं आहे का? मामा मालकांकडं बघत होते, आता त्यांच्या आवाजात गडगडाट नव्हता. शेवटचा डाव, आणि तो मी माझ्या हातानं घालवला होता, दोन अक्षरांत.

तेवढ्यात पोरगं बोललं.

"आजी, बाहेरचं न्हाई. मायनंच केले. घरातच केले."

त्याच्या कपाळावर अजून घाम होता. ज्यानं केले त्यानंच मला वाचवायला माझं खोटं आपल्या डोक्यावर घेतलं, आणि ते बोलताना त्याचा चेहरा कसा झाला ते मला बघवलं नाही. मी तिथंच उभी राहून म्हटलं,

"खोटं हाय. मी न्हाई केले. ह्यानं केले. आत इजेवरचा कुकर हाय, त्याला शिट्टी नसती. पोरगं चुलीपाशी दिसलं तर तुमी नावं ठेवसाल म्हणून मीच त्याला सांगितलं, मी केले म्हण."

मग आजीनं काठी टेकली आणि उठली.

"दाखवा."

अशी आमच्या स्वयंपाकघरात वरात घुसली. तेहतीस वर्षांत त्या खोलीत इतकी माणसं मी बघितली नव्हती, आणि बाप्ये तर कधीच नाही. मामा खाली उकिडवे बसले, झाकण उलटं केलं, रबर बघितलं, वाफेचं छिद्र बघितलं आणि त्यांचा आवाज परत फुटला. "आरं, हा तर आपला हळदीचाच कुकर हाय की. तेच तंत्र हाय बराबर, निसतं लेकरू हाय त्याचं." मालकही वाकले. ह्यांनी आणि मामांनी त्या डबड्यावर अशी चर्चा सुरू केली की जसा बैल घ्यायचाय. मग मामांना तो चालताना बघायचा होता, म्हणून पोरानं आणखी आलू लावले. आजी पाटावर त्याच्यासमोर बसली आणि झाकणाकडं टक लावून शिट्टीची वाट बघायला लागली.

"आजी, तो वाजत न्हाई."

"बघू तर दे," आजी म्हणाली.

मला हसू यायला लागलं होतं. कुणी रागावलेलं दिसत नव्हतं. पोरीच्या आईनं तर मला हळूच विचारलं की ह्यात पुरणाची डाळ होते का. पोरगी ताटातल्या उरलेल्या आलूपाशी पोराजवळ खाली बसली होती, आणि दोघं काहीतरी बोलत होती. ती विचारत होती, तो सांगत होता. तिची दवाखान्यातली ड्युटी कधी कधी बारा तासांची असते, घरी आल्यावर उभं राहवत नाही, एवढं माझ्या कानावर आलं. कान माझे चांगले आहेत.

मग आजीनं काठीनं त्या भांड्याला टोचलं.

"पोरा, हे भांडं उपासाचंच हाय ना? ह्याच्यात आधी काय काय शिजवलं?"

मी तोंड उघडलंच होतं. नवीन आहे म्हणणार होते, आजच काढलं म्हणणार होते. पण पोरानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग आजीकडं.

"न्हाई, आजी. पुण्याला मी ह्याच्यात अंडी उकडायचो. घासून ठेवलेलं हाय, पण अंडी उकडायचो."

मामा बोलता बोलता थांबले. पोरीच्या आईनं तोंडावर हात ठेवला. आजीनं तर मघाशीच आलू खाल्ला होता, तुपासकट. मला वाटलं, संपलं. पुण्याची गाडी कधी असते, हेसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेलं.

आजीनं काठी आडवी करून मांडीवर ठेवली.

"लगीन होऊन आले तवापासून एक एकादशी मोडली न्हाई मी," ती म्हणाली. "मघाशी मायसाठी खोटं बोललास. आता सोतासाठी बोलला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला न्हाई."

"मग काहून न्हाई बोललास?"

"तुमी खाल्लंय ना, आजी. तुमाला ठावं पाहिजे."

आजीनं मान हलवली. एकदा, मग परत एकदा. मग सुनेकडं वळून म्हणाली, "एकादशी काय, पंधरा दिवसांनी परत येती. असं पोरगं परत येत न्हाई." आणि ताटातला आणखी एक सोललेला आलू उचलून तिनं तोंडात टाकला.

पोरीचे वडील, जे आल्यापासून चार शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "पण पोरीला तर इचारा."

"व्हय गं," आजी म्हणाली. "तुझं काय?"

पोरीनं वर बघितलं. तिच्या ओढणीवर सालींचा ढीग झाला होता, बोटं लाल झाली होती, आणि समोरच्या ताटात सोललेल्या आलूंची रास होती.

"मला काय इचारून राहिली आता?" ती म्हणाली. "केव्हाची मी ह्यांच्या घरात आलू सोलून राहिले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणी तिला सोल म्हटलं नव्हतं. खुर्ची बाहेर बैठकीत रिकामी पडली होती. पोराच्या हातात अर्धा सोललेला आलू तसाच राहिला आणि ते कानापर्यंत लाल झालं. मी सगळ्यांच्या मधी खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले.

"माय," पोरगं खाली वाकून हळू आवाजात म्हणालं, "सगळे बघून राहिले."

"बघू दे," मी म्हटलं.